साम्य ओळखणे आणि नाते ओळखणे

'मामाला जसा भाचा, तसा काकाला कोण?' हा प्रश्न कंधार किंवा निलंगा तालुक्यातील दहा वर्षांच्या मुलाला विचारला, तर उत्तर देण्यासाठी त्याला क्षणभरही थांबावे लागणार नाही. 'पुतण्या' हे उत्तर त्याने पुस्तकातून पाठ केलेले नसते. ते घराच्या ओसरीवर त्याला आपोआप मिळालेले असते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत ह्या जातीच्या प्रश्नांना 'समसंबंध' म्हणतात. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत तोच प्रकार शब्दांऐवजी आकृत्यांतून येतो. लातूर आणि नांदेड ह्या दोन शहरांत अशा प्रश्नांच्या सरावासाठी पुस्तके विकली जातात, वर्ग चालतात आणि पालक पदरमोड करून त्यांचे शुल्क भरतात. परंतु मूल असा प्रश्न सोडवते तेव्हा त्याच्या मनात नेमके काय घडते, हा प्रश्न ह्या साऱ्या उलाढालीत क्वचितच विचारला जातो.

जगातील मानसशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ मात्र हा प्रश्न गेली पन्नास वर्षे विचारीत आले आहेत. त्यासाठी त्यांनी जी साधने वापरली, त्यांत कृत्रिम चेताजाल हे एक प्रमुख साधन आहे. 'न्यूरल नेटवर्क' ह्या नावाने ते आता वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचित झाले असले, तरी त्याची चर्चा होते ती बहुधा माणसाच्या नोकऱ्या जातील की राहतील ह्या अंगाने. माणूस एका गोष्टीवरून दुसरी गोष्ट कशी समजून घेतो हे उलगडण्यासाठीही ह्या जाळ्यांचा उपयोग होतो, आणि त्या संशोधनातून निघालेले निष्कर्ष लातूर-नांदेडच्या शैक्षणिक जीवनाशी फार जवळून संबंधित आहेत, ह्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

ह्या दोन शहरांनी परीक्षेला जे महत्त्व दिले, त्याला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत असलेल्या आणि शिक्षणाच्या बाबतीत मागे राहिलेल्या प्रदेशातील मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांशी बरोबरी साधण्याचा जो एक खुला मार्ग दिसला, तो परीक्षेचा होता. १९७० साली स्थापन झालेले लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय आणि तेथीलच दयानंद महाविद्यालय ह्यांच्या नावांशी निगडित असलेला 'लातूर पॅटर्न' १९९० नंतरच्या दशकात राज्यभर गाजला, तो काही चमत्कारामुळे नव्हे. वारंवार चाचण्या, जुन्या प्रश्नपत्रिकांचा कसून सराव, तपासलेल्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याशी बसून चर्चा, ही त्याची सरळ साधी सूत्रे होती. शेतकऱ्यांची आणि शिक्षकांची कितीतरी मुले त्या वाटेने डॉक्टर, अभियंता झाली. पुढे २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश 'नीट' ह्या अखिल भारतीय परीक्षेवर अवलंबून झाले आणि सरावाचे हे तंत्र अधिकच तीव्र झाले. ह्या तंत्राची टिंगल करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. सरावाने माणसाला काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढाच प्रश्न खरा आहे. आणि चेताजालांचे संशोधन नेमका ह्याच प्रश्नावर प्रकाश टाकते.

प्रथम साम्य आणि नाते ह्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. भारतीय न्यायदर्शनाने उपमान हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले. अरण्यात गेलेल्या माणसाला गायीसारखा दिसणारा प्राणी आढळतो आणि पूर्वी ऐकलेल्या वर्णनावरून 'हाच तो गवय' असे तो ओळखतो, हे त्याचे ठरलेले उदाहरण. येथे ओळख पटते ती दिसण्यातील साम्यावरून. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त मात्र ह्याच्या पुढचे पाऊल टाकलेले आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले, ते सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशा तीन अंगांत. सूत्रात सिद्धांत असतो, दृष्टांतात व्यवहारातील लहानशी गोष्ट असते आणि दार्ष्टांतिकात ती गोष्ट सिद्धांताला कशी लागू पडते हे उलगडलेले असते. नांदेड जिल्ह्यातील माहूर ज्या पंथाला पवित्र वाटते, त्या पंथाने सातशे वर्षांपूर्वी केलेली ही मांडणी आजच्या संशोधकांच्या मांडणीशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डिड्री गेंट्नर ह्यांनी १९८३ साली असा सिद्धांत मांडला, की साम्यानुमानात माणूस वस्तूंचे गुण एकमेकांशी जुळवीत नाही, तर वस्तूंमधील संबंधांची रचना एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेतो. अणूला सूर्यमालेची उपमा दिली जाते तेव्हा सूर्य पिवळा आणि तप्त आहे ह्याचा काहीच उपयोग नसतो. मधल्या वस्तूभोवती बाहेरची वस्तू फिरते, एवढे नातेच तेथे कामाला येते. दृष्टांत ऐकून त्यातील माणसे आणि भांडीकुंडी तेवढी ध्यानात ठेवणारा श्रोता आणि दार्ष्टांतिकापर्यंत पोहोचणारा श्रोता, ह्यांतील अंतर ते हेच.

आता ह्या नात्याचे ज्ञान यंत्राला कसे व्हावे? आरंभीची कल्पना भूमितीची होती. डेव्हिड रुमेलहार्ट आणि अडेल अब्राहमसन ह्यांनी १९७३ साली प्राण्यांच्या नावांवर एक प्रयोग केला. प्रत्येक प्राणी हा आकार, हिंस्रपणा आणि माणसाशी जवळीक ह्या तीन मोजमापांनी ठरणारा एक बिंदू मानला, तर 'अमुकाला जसा तमुक, तसा ह्याला कोण' ह्या प्रश्नाचे उत्तर समांतरभुज चौकोनाच्या चौथ्या कोपऱ्यावर सापडावे, असे त्यांनी गृहीत धरले. आणि लोकांनी निवडलेली उत्तरे पुष्कळ अंशी त्या कोपऱ्याजवळच आढळली. चाळीस वर्षांनी, २०१३ साली, टोमाश मिकोलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड मजकुरावर एक साधे चेताजाल चालवले. कोणता शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी येतो एवढेच पाहून त्या जाळ्याने प्रत्येक शब्दाला शेकडो आकड्यांची एक रांग नेमून दिली. 'राजा'च्या आकड्यांतून 'पुरुष' वजा करून त्यांत 'स्त्री' मिळवली, की जवळपास 'राणी' मिळते, हे त्यातून निघालेले उदाहरण जगभर प्रसिद्ध झाले.

ह्या यशाची दुसरी बाजूही लवकरच पुढे आली. असल्या गणितात सर्वांत जवळचे उत्तर पुष्कळदा प्रश्नातलाच एखादा शब्द असतो. तो नियमाने वगळल्यावर मग इष्ट उत्तर वर येते. शिवाय भूमितीत दोन जोड्यांमधील साम्य दोन्ही दिशांनी सारखेच असावे लागते. माणसाचे तसे नाही. रुसलेल्या लहान मुलाला आकाशातल्या ढगाची उपमा देणे आणि ढगाला रुसलेल्या मुलाची उपमा देणे, ह्या दोन गोष्टी माणसाच्या मनाला एकसारख्या वाटत नाहीत. डॉन चेन, जोशुआ पीटरसन आणि थॉमस ग्रिफिथ्स ह्यांनी २०१७ साली लोकांची मते मोजून दाखवून दिले, की माणसे नात्यांची तुलना करताना भूमितीचे असे नियम मोडतात. येथे यंत्र चुकले, परंतु त्या चुकीमुळेच माणसाविषयी एक गोष्ट कळली. प्रतिकृती तयार करण्याचा लाभ हाच असतो. ती जेथे माणसासारखी वागते तेथे एक शक्यता कळते आणि जेथे वागत नाही तेथे मनात आणखी काहीतरी असले पाहिजे हे कळते.

नाते शिकणाऱ्या चेताजालाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र कुटुंबाचेच आहे. जेफ्री हिंटन ह्यांनी १९८६ साली दोन काल्पनिक घराणी घेतली, एक इंग्रज आणि एक इटालियन. प्रत्येकात बारा माणसे आणि दोन्ही वंशवृक्षांची रचना अगदी एकसारखी. बाप, आई, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशी बारा नाती धरून 'अमक्याचा अमुक कोण' अशी १०४ विधाने तयार झाली. त्यांतील शंभर विधाने जाळ्याला पुनःपुन्हा दाखवण्यात आली. जाळ्यातील जोडण्यांचे जोर आरंभी कसेही ठेवलेले असतात. उत्तर चुकले, की त्या चुकीचा वाटा मागे मागे नेत प्रत्येक जोडणीला किंचित दुरुस्त करावयाचे, एवढाच नियम. शिकवणी संपल्यावर राहिलेली चार विधाने विचारली गेली. एका वेळच्या प्रयोगात चारही उत्तरे बरोबर आली, दुसऱ्या वेळी तीन. ह्याहून महत्त्वाची गोष्ट जाळ्याच्या आत सापडली. माणसाची पिढी कोणती, वंशवृक्षाची शाखा कोणती आणि घराणे कोणते, हे भेद जाळ्याने स्वतःच शोधून आपल्या निरनिराळ्या घटकांत साठवले होते. ते त्याला कोणीही सांगितलेले नव्हते. दोन घराण्यांत सारखेपणा असल्यामुळे एकाविषयी शिकलेले दुसऱ्याच्या कामी आले. कृत्रिम चेताजालांवरील पायाभूत कामाबद्दल हिंटन ह्यांना २०२४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक जॉन हॉपफील्ड ह्यांच्याबरोबर विभागून मिळाले.

मराठी वाचकाच्या मनात येथे एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा आणि मावशीचा नवरा ह्या चौघांना मिळून एकच शब्द. हिंटन ह्यांच्या जाळ्यालाही एवढेच नाते शिकायचे होते. मराठी घर शिकवायचे म्हटले, तर ह्या जाळ्याला नाते बापाकडचे की आईकडचे हे आधी पाहावे लागेल. एवढ्यानेही भागणार नाही. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण ह्यांच्या मधला प्रदेश असून येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. मराठवाड्यात ही चाल अपरिचित नाही. अशा घरात मामा हाच सासरा होतो, आणि नवरीच्या बाजूने पाहिले तर तिची आत्या हीच सासू आणि आत्याचा नवरा हाच सासरा. वंशवृक्षाच्या दोन शाखा स्वच्छ वेगळ्या राहत नाहीत. एकच माणूस दोन मार्गांनी गाठता येतो.

ह्यातील खरी गंमत भाषेत उतरलेली आहे. जेथे असा विवाह झालेला नाही, सासरचे घर पूर्वी कधी पाहिलेलेही नाही, तेथेही जुन्या रीतीची सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत आली. परक्या घरातील दोन माणसांना तिने माहेरच्या ओळखीच्या नात्याच्या जागी बसवले. ही व्यवस्था कोणा पंडिताने घडवलेली नव्हे. पिढ्यान् पिढ्यांच्या व्यवहारातून ती घडत आली. त्या संबोधनाबरोबर कोणाशी अदबीने बोलावे, कोणापाशी हट्ट धरता येईल, संकटात कोणाकडे पाहावे, हे सारे नव्या घरात आपोआप आले. साम्यानुमान ही केवळ परीक्षेतील करामत नसून जगण्याची रीत आहे, ह्याचा दाखला मराठी घरात ह्याहून चांगला मिळणे कठीण.

मूल हे सारे शिकते कसे? पूर्वी अशी समजूत होती, की लहान मुलांना नात्यांची तुलना मुळातच जमत नाही. ती मोठेपणी, बारा वर्षांच्या सुमारास येते. उषा गोस्वामी आणि अ‍ॅन ब्राउन ह्यांनी १९८९ आणि १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ही समजूत हादरवली. पक्ष्याला जसे घरटे तसे कुत्र्याला काय, असे परिचयाचे नाते असेल, तर चारपाच वर्षांची मुलेही बरोबर उत्तर देतात. रॉबर्ट लीच, डेनिस मारेशाल आणि रिचर्ड कूपर ह्यांनी २००८ साली ह्याच प्रकारच्या शिकण्याची प्रतिकृती एका चेताजालात केली. अख्खी वस्तू आणि कापलेली वस्तू असे बदल त्या जाळ्याने पुष्कळ पाहिले, की अख्ख्या भाकरीकडून तुकड्याकडे जाणारे नाते त्याच्यात जागे होई आणि नव्या वस्तूलाही ते लागू पडे. तुलना करण्याची वेगळी शक्ती त्या जाळ्यात कोणी बसवलेली नव्हती. जगाचे ज्ञान वाढले, तशी तुलनाही वाढली.

ह्याचा अर्थ परीक्षा घेणाऱ्यांनी गंभीरपणे घेतला पाहिजे. समसंबंधाच्या प्रश्नात मूल चुकले, तर त्याची बुद्धी कमी पडली की प्रश्नातले जग त्याच्या ओळखीचे नव्हते, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. 'वैमानिकाला जसे विमान, तसे खलाशाला काय' हा प्रश्न समुद्र कधी न पाहिलेल्या उदगीरच्या मुलाला आणि मुंबईच्या मुलाला सारखा नाही. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर वर्षातले काही महिने गाव सोडणाऱ्या मुलाला तिफण, मोळी, कोयता आणि बैलगाडी ह्यांच्यातील नाती तोंडपाठ असतात, पण ती प्रश्नपत्रिकेत कोणी विचारीत नाही. किनवट तालुक्यातील गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची स्थिती ह्याहून अवघड, कारण त्याला अनोळखी नाते अनोळखी भाषेत ओळखावयाचे असते. अशा मुलाला 'बुद्धिमत्ता' कमी असल्याचा शेरा मिळतो, आणि तो शेरा पुढे शिक्षकाच्या, पालकाच्या आणि अखेर त्याच्या स्वतःच्याही मनात पक्का होतो. हे नुकसान भरून निघत नाही.

परिचय असला, तरी ज्ञान एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात आपोआप जाते असेही नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक ह्यांचा १९८० सालचा प्रयोग ह्या बाबतीत प्रसिद्ध आहे. रोग्याच्या पोटात गाठ आहे. तीव्र किरण सोडले तर गाठ जळेल पण वाटेतला निरोगी भागही जळेल, सौम्य किरणांनी काहीच होणार नाही. मग उपाय काय? निरनिराळ्या दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणावेत, हे उत्तर स्वतः होऊन दहांत एखाद्यालाच सुचते. आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली, ज्याने किल्ल्याकडे जाणाऱ्या अनेक वाटांनी सैन्याच्या लहान तुकड्या पाठवून ऐन वेळी त्या एकत्र आणल्या, तरीही दहांतल्या सुमारे तिघांनाच तिचा उपयोग सुचला. 'त्या गोष्टीचा उपयोग करून पाहा' एवढी सूचना मिळाल्यावर मात्र सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तर काढले. गोष्ट मनात होती. ती हाकेला ओ देत नव्हती. पुढे १९८३ साली ह्याच दोघांना आढळले, की दोन निराळ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांत समान काय आहे हे आधी लिहून काढायला लावले, तर नव्या प्रश्नात ते सूत्र आपसूक सुचण्याचे प्रमाण वाढते. होलिओक ह्यांनी जॉन हमेल ह्यांच्यासह १९९७ साली मांडलेल्या 'लिसा' ह्या प्रतिकृतीत, कोणती वस्तू कोणत्या भूमिकेत आहे हे बांधण्यासाठी जाळ्यातील घटक एका तालात चेतवले जातात, आणि असे तालबद्ध गट एका वेळी थोडेच सांभाळता येतात. मनाची ही मर्यादा ओळखली, की दृष्टांत एका दमात चार सांगण्यापेक्षा दोनच सांगून त्यांची नीट जुळणी का करावी, ते ध्यानात येते.

अलीकडच्या विशाल भाषा-प्रतिकृतींनी हा वाद नव्या टप्प्यावर आणला आहे. टेलर वेब, होलिओक आणि हाँगजिंग लू ह्यांनी २०२३ साली दाखवले, की 'जीपीटी-३' हे जाळे आकृत्यांच्या कोड्यांची शब्दांकित रूपे, अक्षरांच्या माळा आणि शब्दांचे समसंबंध अशा कित्येक प्रकारांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्या पुढे, उत्तरे देते. 'क ख ग'चे 'क ख घ' झाले, तर 'त थ द'चे काय होईल, ह्या धर्तीचे ते प्रश्न. मार्था लुईस आणि मेलनी मिशेल ह्यांनी २०२४ साली त्यात एक बदल केला. मुळाक्षरांचा क्रमच उलटापालटा करून नवा क्रम प्रश्नाबरोबर लिहून दिला आणि मग तेच प्रश्न विचारले. माणसांची उत्तरे बहुतांशी पूर्ववत बरोबर राहिली. यंत्रांचे गुण बरेच घसरले. ह्यावर प्रतिवादही झाला. अडचण तुलना करण्याची नसून अक्षरे मोजण्याची आहे, आणि मोजण्याचे साधन हाताशी दिले तर नवी प्रतिकृती हेही प्रश्न सोडवते, असे वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. वाद मिटलेला नाही. परंतु त्यातून एक कसोटी हाती आली, आणि ती यंत्रापुरती मर्यादित नाही. ओळखीच्या रूपात प्रश्न सुटतो हे पुरेसे नसून, रूप बदलल्यावर तो सुटतो की नाही हे पाहावे लागते.

लातूरच्या किंवा नांदेडच्या वर्गातील विद्यार्थ्याला हीच कसोटी लावून पाहावी. हजारो प्रश्न सोडवल्याने प्रश्नाचा साचा ओळखता येतो आणि ठरावीक वेळेच्या परीक्षेत त्या ओळखीला मोठी किंमत असते. ती किंमत नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच प्रश्नातले दोन शब्द बदलले, उलट बाजूने विचारले, किंवा तोच नियम रसायनातून जीवशास्त्रात नेला, तर किती विद्यार्थी टिकतात? चेताजालाला शंभर विधाने शिकवून चार राखून ठेवणारे संशोधक जी शिस्त पाळतात, ती सराव परीक्षांतही पाळता येईल. प्रत्येक चाचणीत काही प्रश्न असे राखावेत, की ज्यांचे रूप वर्गात कधीही दिसलेले नाही. त्यांवरील गुण वेगळे मोजावेत. सरावाचा भाग किती आणि समजेचा किती, हे शिक्षकाला त्यातून दिसेल.

समज वाढवण्याचे साहित्य तर ह्या जिल्ह्यांत पावलोपावली पडलेले आहे. डिड्री गेंट्नर आणि डोनाल्ड गेंट्नर ह्यांनी १९८३ साली विद्यार्थ्यांची विजेविषयीची समज तपासली. विजेला वाहत्या पाण्याची उपमा देणारे विद्यार्थी घटमालांच्या प्रश्नांत सरस ठरले, कारण एका टाकीवर दुसरी टाकी चढवली तर दाब वाढतो आणि शेजारी ठेवली तर वाढत नाही, हे त्यांना पाण्यावरून कळत होते. विजेला गर्दीची उपमा देणारे विद्यार्थी रोधांच्या प्रश्नांत सरस ठरले, कारण गर्दीला एकाऐवजी दोन दारे शेजारी शेजारी उघडून दिली, तर माणसे अधिक वेगाने बाहेर पडतात. पुढच्या प्रयोगात मात्र पाण्याची उपमा मुद्दाम शिकवूनही अपेक्षित लाभ दिसला नाही. त्याचे एक कारण असे आढळले, की विद्यार्थ्यांना पाण्याच्या दाबाचेच पुरेसे ज्ञान नव्हते. ज्या गोष्टीवरून समजून घ्यायचे, तीच ठाऊक नसेल, तर उपमा निकामी होते.

लातूरच्या मुलाला पाण्याचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याच्या दहा वाघिणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा शहरभर थेंबाथेंबाचा हिशेब चालला होता. टँकरची नळी किती उंचीवर धरली म्हणजे पिंप लवकर भरते, गच्चीवरच्या टाकीचे पाणी खालच्या नळाला जोरात आणि वरच्या नळाला हळू का येते, हे त्या पिढीने पुस्तकाशिवाय शिकलेले आहे. गर्दीचे ज्ञान हवे असेल, तर लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. ह्या अनुभवाला विद्युत्‌मंडलाच्या आकृतीशेजारी ठेवून 'ह्यात सारखे काय आणि वेगळे काय' असे विचारणारा शिक्षक जेथे असेल, तेथे सूत्र पाठ करण्याचा भार निम्म्याने हलका होईल. उपमा कोठे मोडते हेही त्याने दाखवलेच पाहिजे. नळी फुटली तर पाणी सांडते, तार तुटली तर वीज जमिनीवर सांडत नाही. मोडण्याची जागा दाखवली नाही, तर दृष्टांत गैरसमजाला कारण होतो.

हे काम केवळ शाळामास्तरांवर सोपवून भागणार नाही. १९८१ सालापासून नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. हिंटन ह्यांचे १९८६ सालचे जाळे इतके लहान आहे, की आज कोणत्याही महाविद्यालयातील साध्या संगणकावर ते चालू शकते. त्याला इंग्रज आणि इटालियन घराण्यांऐवजी कंधारचे आणि औशाचे घर शिकवावे; मामा आणि सासरा एकच असलेली शाखा त्यात मुद्दाम घालावी; जाळे कोठे अडखळते ते पाहावे; आणि तेच प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना विचारून दोघांच्या चुका ताडून पाहाव्यात. हा अभ्यास खर्चाचा नाही, पण तो अन्यत्र कोणी करून देणार नाही. २०१८ साली १५७ भाषांसाठी शब्दांच्या आकड्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले, त्यांत मराठीही होती. परंतु त्याबरोबर नव्याने तयार केलेले समसंबंधांचे प्रश्नसंच फ्रेंच, हिंदी आणि पोलिश ह्या तीनच भाषांचे होते. २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाखांची मातृभाषा असलेल्या मराठीला आपली नाती, आपली अवजारे आणि आपली पिके घेऊन असे प्रश्नसंच स्वतः रचावे लागतील. ते रचताना डहाणू आणि देगलूर ह्यांची मराठी एक नाही, एवढे भान ठेवावे.

शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकेत उद्याही समसंबंधाचे प्रश्न येतील आणि लातूर-नांदेडची मुले ते सोडवतील. त्यांच्या हातून किती प्रश्न सुटले ह्याची मोजदाद करणाऱ्या व्यवस्था पुष्कळ आहेत. एक प्रश्न चुकलेल्या मुलाजवळ बसून, 'ह्या दोघांचे एकमेकांशी काय नाते आहे असे तुला वाटले?' एवढे विचारणारी व्यवस्था उभी करणे अवघड नाही. जुन्या लातूर पॅटर्नमध्ये उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याशी चर्चा करणारे शिक्षक हेच करीत होते. चाचण्यांची संख्या वाढत गेली, तसा त्या चर्चेला वेळ कमी पडू लागला असेल, तर तो वेळ आधी परत मिळवला पाहिजे.